पिंजऱ्यांपलीकडची राणीबाग

सुट्टीच्या दिवशी मुलुंड-घाटकोपरची मंडळी पोराबाळांसह भायखळ्याला उतरतात, ती बहुतेक पेंग्विन बघायला. 2016 मध्ये सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आले आणि राणीबागेची गर्दी थेट त्यांच्या गारेगार दालनाकडे वळली. वाटेतली दीडशे वर्षांची बाग मान वर करून पाहणारे थोडेच.

उपनगरातून तिथवर जाणारी वाटही जुनीच. भांडुप, घाटकोपर, कुर्ला करत लोकल ज्या मार्गाने धावते, त्याच मार्गाने 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर-ठाणे ही पहिली गाडी गेली. राणीबाग तिच्याहून नऊच वर्षांनी लहान. नोव्हेंबर 1862 मध्ये ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ती लोकांसाठी खुली झाली. त्याआधी वनस्पतिउद्यान होतं शिवडीला. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याच्या बागेमागे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट अशी माणसं होती. 1873 मध्ये ती पालिकेकडे आली. प्राणी मात्र बरेच नंतर, 1890 च्या सुमारास वाढीव जागेत आले. म्हणजे ही मुळात झाडांची बाग.

आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात.

स्वतःच जागा बदलून आलेल्या या बागेने पुढे इतर विस्थापितांनाही आसरा दिला. घारापुरीचा दगडी हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते 1914 मध्ये जोडले गेले. हत्ती आता बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यावरून फोर्टमधल्या चौकाला काळा घोडा हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही 1965 मध्ये इथेच आणला गेला. फोर्टात बसलेली संगमरवरी राणी व्हिक्टोरियाही इथलीच रहिवासी झाली.

झाडांचंही तसंच. बुंधा फुगलेली गोरखचिंच आफ्रिकेची, लालभडक फुलांचे झुपके खाली सोडणारी उर्वशी ब्रह्मदेशची, तर कैलासपती थेट दक्षिण अमेरिकेतला. कैलासपतीपाशी जरा थांबावं. त्याची फुलं शेंड्याला नव्हे, खोडातूनच फुटतात. जाडजूड गुलाबी पाकळ्या आणि आत पिंडीवर फणा धरावा तसा वाकलेला पुंकेसरांचा गुच्छ. वास इतका दाट, की झाड दिसण्याआधी तो गाठतो. बाजूलाच तोफगोळ्यांएवढी तपकिरी फळं लोंबत असतात. अशी तीन हजारांच्या आसपास झाडं सुमारे पन्नास एकरांत आहेत.

ती आहेत, यात मुंबईकरांचाही वाटा आहे. 2007 च्या सुमारास इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभारण्याचा भव्य आराखडा पुढे आला. त्यात झाडांचा बळी जाईल म्हणून वृक्षप्रेमींनी विरोध लावून धरला आणि तो वारसा समितीपर्यंत नेला. मूळ आराखडा बारगळला. नंतर नूतनीकरण झालं, नवे पिंजरे आले. जुने वृक्ष बहुतांशी राहिले.

शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये खुलं झालं; तेही याच फेरीत उरकता येतं. उद्यान आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी लवकर जावं आणि पेंग्विनच्या रांगेत लागण्याआधी झाडांखालून एक निवांत चक्कर मारावी.