दांडा वेगळा, पेडल वेगळं



नातवाला इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्रेमोलो पेडल हवं होतं. मुलगा म्हणाला, "गिटारला ट्रेमोलोचा दांडा आहेच की! पुन्हा पैसे कशाला?" झालं, बापलेकांत अबोला. मी बी. कॉम.; खर्चाला हो-नाही म्हणण्याआधी वस्तू समजून घेते.

दांडा दाबला की तारा सैल पडतात, सूर उतरतो. ते खरं तर व्हायब्रॅटो. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरवर फेंडरने त्यालाच ट्रेमोलो म्हटलं आणि घोळ रुजला. पेडल मात्र सुराला हात लावत नाही, आवाज फक्त लहानमोठा करतं. म्हणजे नातवाचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मुलाला मीच सांगितलं.

दुकानात बरीच बटणं असलेली महागडी पेडलं पुढे केली. आम्ही बॉसचं टीआर-2 घेतलं. तीनच बटणं: रेटने वेग, डेप्थने चढउतार किती ते, वेव्हने त्याची धार. आपलीच गिटार नेऊन ऐका. पेडल चालू केल्यावर एकूण आवाज पडत नाही ना, ते बघा. 9 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टरही घ्या, नाहीतर बॅटरीचा खर्च चालूच.

डेप्थ निम्म्यावर आणि वेग गाण्याच्या लयीत ठेवला की गोड लागतं. वेव्ह टोकाला नेलं की आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. तेवढं माझ्या सामायिकाच्या वेळी नको, असं सांगून ठेवलंय.