व्हाइट हाउसचं बिऱ्हाड

अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २००९ मध्ये आपल्या संकेतस्थळाचं बिऱ्हाड ड्रुपल या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर हलवलं. डिसेंबर २०१७ मध्ये ते पुन्हा हललं, वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या प्रणालीवर. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बदलले, वर्डप्रेस मात्र टिकलं.

मग सरस कोण?

ड्रुपलमध्ये मजकुराचे प्रकार, त्यांची एकमेकांशी नाती, कोणाला काय बदलता येईल हे सगळं बारकाईने आखता येतं. पण हाताशी जाणकार प्रोग्रामर हवा. २००३ चं वर्डप्रेस ब्लॉगसाठी जन्मलं, म्हणून लिहिणाऱ्यांच्या हाती ते चटकन बसतं. प्लगिनचा, म्हणजे जोड-सुविधांचा, मोह तेवढा आवरायचा, कारण प्रत्येक प्लगिन कोणीतरी अद्ययावत ठेवावं लागतं. (हा ‘कोणीतरी’ निवडीच्या बैठकीला सहसा नसतो!)

निवड करताना सुविधांचे तक्ते सगळेच पाहतात. पुढची आवृत्ती आल्यावर काय, हे फार थोडे विचारतात. ड्रुपल ७ चा आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. तिथून पुढे जायचं तर संकेतस्थळ जवळजवळ नव्यानेच उभारावं लागतं.