रीनूचं हैदराबाद

दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या कॉलेजात, सिनेमावरच्या शनिवारच्या गप्पांत, मी 'प्रेमलू'बद्दल एक वाक्य ठासून बोललो होतो: "हा 'थन्नीर मथन दिनंगळ'च आहे, फक्त पैसे आल्यावर काढलेला." समोर तीसेक मुलं होती. काहींनी ते वहीत लिहून घेतलं. ते वाक्य मला आज मागे घ्यायचं आहे. मुलांनी लिहून घेतलं होतं, म्हणून मीही लिहूनच मागे घेतो.

दोन्ही सिनेमे गिरीश ए. डी. यांचे. 'थन्नीर मथन दिनंगळ' म्हणजे कलिंगडाचे दिवस. २०१९चा हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. मधे २०२२मध्ये 'सुपर शरण्या' आला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये 'प्रेमलू'. तो केरळबाहेरही जोरात चालला, तेलुगूत डब झाला, शंभर कोटींच्या पुढे गेला. खरं सांगायचं तर या आकड्यानेच माझं मन आधी कलुषित केलं होतं. इतक्या लोकांना आवडलेली गोष्ट पातळच असणार, असं मी धरून चाललो होतो.

'थन्नीर मथन'वर माझं प्रेम जुनं. जेसन हा बारीक अंगाचा, ओठावर नुकती लव फुटलेला शाळकरी मुलगा. त्याला कीर्ती आवडते. मग शाळेत रवी पद्मनाभन नावाचे नवे सर येतात. विनीत श्रीनिवासन यांनी ते असे उभे केलेत की पाच मिनिटांत सगळी शाळा त्यांच्या खिशात जाते. एकट्या जेसनला ते खटकतात. इथे मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट समजावून सांगावी लागते. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज, गणवेश गेला, बाईक आली. केरळात 'प्लस वन' आणि 'प्लस टू' शाळेतच असतात, गणवेशात. म्हणून सोळा-सतरा वर्षांचं प्रेम तिथे बाकावर, मधल्या सुट्टीत, सरांच्या नजरेखाली वाढतं. ते कोंडलेपण या सिनेमाने जसं पकडलंय, तसं मराठीत मला फक्त 'शाळा'मध्ये सापडलं होतं.

'प्रेमलू' पाहायला गेलो तो हे सगळं मनात घेऊन. आणखीही एक गोष्ट सोबत नेली होती, पण ती मला तेव्हा कळली नाही. ती म्हणजे 'सैराट'.

माझ्या डोळ्यांत सिनेमातलं हैदराबाद म्हणजे अर्ची-परश्याचं हैदराबाद. पळून आलेल्या दोघांची ती झोपडपट्टीतली खोली, अर्चीचं बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, तिच्या तोंडी रुळत गेलेलं तेलुगू, आणि शेवटी दारात उभे राहिलेले माहेरचे लोक. २०१६च्या उन्हाळ्यात तो शेवट पाहून बाहेर पडलो तेव्हा थिएटरच्या पायऱ्यांवर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबाद काही परकं नाही. १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आणि आजही रात्री गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. त्यामुळे 'प्रेमलू'तले सचिन आणि अमल डेव्हिस 'गेट'च्या क्लाससाठी तिथे येतात, लग्नात आयटीतली रीनू भेटते, सगळे हसतात-खेळतात, हे मला खोटं वाटलं. इथे जात कुठे आहे? गावाकडचे लोक कुठे आहेत? या शहराचं वजन कुठे गेलं? मी मुलांसमोर हेच प्रश्न विचारले आणि स्वतःच उत्तर दिलं.

माझी भाची हैदराबादेत माधापूरला नोकरी करते. दिवाळीत ती घरी आली तेव्हा जेवताना विषय निघाला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही सिनेमा बघत नव्हता. कोण मरणार याची वाट बघत होता."

घास हातातच राहिला.

मग ती तिच्या हैदराबादबद्दल बोलत राहिली. फ्लॅटमध्ये चौघी, दोघी लातूरच्या. ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, तेलुगू रिक्षावाल्याशी आणि भाजीवालीशी लागेल तेवढंच. शनिवारी कोणाचं लग्न, कोणाचा वाढदिवस, सगळे आपलेच. "आम्ही हैदराबादेत राहतो म्हणजे एवढंच," ती म्हणाली. 'प्रेमलू'त शहर नुसतं मागचा पडदा झालंय, हा माझा मोठा आक्षेप होता. पण गाव सोडून आलेल्या पोरांसाठी शहर पहिली काही वर्षं असंच असतं. मग मला नावाचा अर्थ लागला. 'प्रेम'ला तेलुगूचा अनेकवचनी 'लु' जोडलाय. मल्याळी पोरांच्या वाट्याला आलेलं तेलुगू त्या एका प्रत्ययात मावतं. माझं अर्धं आजोळ तेलुगू बोलणारं, आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये!

सुट्टी संपायच्या आत दोन्ही सिनेमे लागोपाठ दोन रात्री पुन्हा पाहिले. जे दिसलं ते मला अडचणीचं होतं.

'थन्नीर मथन'मध्ये कीर्ती आपल्याला बहुतेक जेसनच्या डोळ्यांनी दिसते. अनस्वरा राजन फार छान करते, पण ती काय विचार करते ते आपल्याला जेसनइतकंच कळतं. त्याचा जळफळाट, तिने सरांचं कौतुक केलं की त्याचं तुटून पडणं, हे दिग्दर्शक हसत हसत दाखवतो, आणि शेवटी सरांचं पितळ उघडं पाडतो. म्हणजे पोराचा मत्सर बरोबर ठरतो. पहिल्यांदा पाहताना या वळणावर मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं, कथेने जेसनला ही भेट द्यायला नको होती. सर खरंच चांगले निघाले असते आणि तरीही जेसनला स्वतःच्या रागाकडे पाहावं लागलं असतं, तर तो सिनेमा कुठल्या कुठे गेला असता.

'प्रेमलू'तला प्रतिस्पर्धी आदी. रीनूच्या ऑफिसातला, तिच्यावर आपला हक्क आहे अशा थाटात वावरणारा, काहीही बोलून वर "जस्ट किडिंग"चं 'जेके' चिकटवणारा. श्याम मोहन यांनी तो हसू येईल असा केलाय, पण माझी भाची म्हणते की असा एक प्रत्येक ऑफिसात असतो आणि मुली त्याच्यावर हसत नाहीत. 'सुपर शरण्या'तल्या अजित मेननमध्ये गिरीश यांनी 'अर्जुन रेड्डी'छाप पुरुषाची टर उडवली होतीच. आदी त्याचाच सुसंस्कृत भाऊ. आणि त्याच्या समोर सचिन: रीनू नाही म्हणते, तो कोलमडतो, आणि मागे हटतो. तिचा पाठलाग करून, हात कापून घेऊन तो तिला वळवत नाही. रीनूला पगार आहे, मैत्रीण आहे, पुढच्या आयुष्याचा बेत आहे, आणि तिचं मन तिच्याच वेळेने बदलतं. हीरोने नकाराला कसं घाबरवावं हे दाखवणाऱ्या किती सिनेमांवर मी वाढलो! हे साधं मागे हटणं मला पहिल्या वेळी दिसलंच नव्हतं, कारण त्यात रक्त नव्हतं.

अमल डेव्हिसबद्दल तर बोलायलाच हवं. संगीत प्रताप हे मूळचे संकलक, आणि त्यांचा अमल बघताना ते पटतं. दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर किती क्षण थांबायचं, नजर कधी वळवायची, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. 'प्रेमलू'च्या पाच वर्षं आधी 'थन्नीर मथन'मध्ये मित्राची ही जागा मेल्विन झालेल्या नस्लेनची होती. इथे तो नायक आहे आणि तेव्हाचा नायक मॅथ्यू थॉमस छोट्या भूमिकेत येऊन जातो.

माझं सगळंच बदललं असं नाही. आदीचा शेवटचा धुडगूस मला अजूनही लांबलेला वाटतो. जातीचा प्रश्नही अजून पडतो. हे मल्याळी तरुण इतक्या मोकळेपणाने एकमेकांत मिसळतात, त्यामागे कोणती घरं, कोणती आडनावं आहेत, हे गिरीश कधी विचारत नाहीत. पण तो प्रश्न मी 'थन्नीर मथन'ला कधीच विचारला नव्हता. तिथे शाळेच्या भिंती होत्या, कलिंगडाचा रस होता, आणि मी माझ्या सोळाव्या वर्षात रमलो होतो. एकाला माफ करायचं आणि दुसऱ्याला त्याच गोष्टीसाठी धारेवर धरायचं, हा माझ्याकडून झालेला अन्याय आहे.

पुढच्या महिन्यात दोन शनिवारी हे दोन्ही सिनेमे त्याच खोलीत दाखवतोय. आधी 'प्रेमलू'. ते जुनं वाक्य ज्यांनी लिहून घेतलं होतं त्यांपैकी आठ-दहा जण अजून कॉलेजात आहेत, त्यांना मुद्दाम निरोप दिलाय. भाची रात्रीच्या गाडीने येणार आहे. सिनेमा संपल्यावर आधी ती बोलेल.