टेम्पररी नंबरचा राजा

हॉस्टेलवर कुणाची नवी गाडी आली की पहिल्या दिवशी पेढे निघतात आणि दुसऱ्या दिवशी कायदेपंडित. माझ्या रूम पार्टनरची बाईक आली तेव्हा हेच झालं. गाडी घेतली पुण्यात, पण पासिंग व्हायचं लातूरला, बाबांच्या नावावर. तोपर्यंत टेम्पररी नंबर. आमच्या विंगमधल्या दोन विद्वानांनी लगेच निकाल दिला, "पक्का नंबर येईपर्यंत तू राजा! सिग्नल तोड, तुला शोधणार कोण?"

मी कॉन्व्हेंटवाला. दहावीपर्यंत डिसिप्लिनवर एवढे निबंध लिहिलेत की असल्या विषयात माझं कुणी ऐकत नाही. तरी शोधाशोध केली. टेम्पररी नंबर म्हणजे 'बिननंबरची गाडी' नव्हे, ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ४३ खालची रीतसर नोंदणी आहे. २०२० च्या अधिसूचनेनुसार पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं हवीत, कागदावर छापून चिकटवलेला नंबर चालत नाही. मालकाचं नाव आणि चेसिस नंबर नोंदलेले असतातच. पक्का नंबर आला तरी चेसिस थोडाच बदलतो? दंडातही सूट नाही. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० पर्यंत, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं हे कलम १८४ च्या 'धोकादायक ड्रायव्हिंग'मध्येही धरता येतं. तिथे १,००० ते ५,००० दंड आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे.

हे सगळं मी रूमवर वाचून दाखवलं. पार्टनर घोरत होता.

सोमवारी संध्याकाळी मी गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उभा होतो. सिग्नलला अजून आठ सेकंद लाल होते. हा निघाला. समोरून मेसच्या मावशी रस्ता ओलांडत होत्या, हातात मेथीची पिशवी. कच्चकन ब्रेक! गाडी थांबली, पण मावशी दचकून मागे सरल्या आणि डिव्हायडरला अडखळून पडल्या. मेथी सगळी रस्त्यावर. त्या क्षणी पार्टनरने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा मोकळ्या रस्त्याकडे. पळायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसला. मावशींनाही दिसला असावा.

"पळ की," त्या खाली बसूनच म्हणाल्या. "पाटी नवी हाय, तोंड तर जुनंच हाय ना? रोज माझ्याच हातचं खातोस."

तो उतरला. मेथी गोळा करू लागला. तेवढ्यात चौकातल्या हवालदारांनी मशीनवर गाडीचा फोटो काढलासुद्धा. ५०० चं चलन झालं आणि मेसेज गेला थेट लातूरला, कारण शोरूममध्ये मोबाईल नंबर दिला होता बाबांचा! (राजेसाहेबांना हे माहीतच नव्हतं.)

मावशींचा पाय मुरगळला. तीन दिवस त्या आल्या नाहीत, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. ती कुठल्याच चलनात येत नाही. पार्टनर पैसे घेऊन त्यांच्या घरी गेला, तर त्यांनी आधी चहा पाजला आणि मग पैसे मोजून घेतले. मला ते फार आवडलं.

रात्री बाबांचा फोन आला. दंडाबद्दल अवाक्षर नाही. "त्या बाईंना कितपत लागलंय?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "फोन तुझ्या त्या कॉन्व्हेंटवाल्या मित्राकडे दे."

पक्का नंबर येईपर्यंत किल्ली माझ्या कपाटात आहे. पार्टनर रोज जेवणानंतर विचारतो, "एकच राउंड, यार. गेटच्या आतल्या आत?"