तडवळ्याची शाळा

लातूरहून मुरूड, ढोकीमार्गे बार्शीकडे निघाले की येडशीच्या अलीकडे कसबे तडवळे लागते. गाव धाराशिव जिल्ह्यातले, पण आम्हा नांदेड-लातूरकरांना ते परके नाही. १९११ साली लातूरला पोहोचलेली बार्शी लाईट रेल्वे याच बाजूने येत असे. अडीच फुटी रुळावरची ती गाडी आता राहिली नाही, तिच्या जागी ब्रॉडगेज आली. मागच्या फेब्रुवारीत मुले-नातवंडे घेऊन आम्ही तडवळ्याला गेलो ते तिथली जुनी शाळा पाहायला.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी या गावी महार-मांग वतनदार परिषद भरली होती. परमपूज्य बाबासाहेबांची गावातून बैलगाडीतून मिरवणूक निघाली आणि त्यांचा मुक्काम या इंग्रज अमदानीतील शाळेत झाला. वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. माझे आजोबा वेसकर. गावाची वेस राखायची, रात्री दार लावायचे, पहाटे उघडायचे, सरकारी सांगावा घेऊन कोसभर पळायचे. आणि वेस राखणाऱ्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर! घरचा कर्ता आजारी पडला तर बाप, भाऊ, कोणीतरी चाकरीला उभा राहिलाच पाहिजे. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले. वतने प्रत्यक्ष खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने.

ही शाळा स्मारक म्हणून जपावी, ही मागणी रास्तच आहे. लंडनला बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. मग तडवळे तर आपल्या दारातले. पण जपणे म्हणजे रंग देऊन कुलूप लावणे, हे मला पटत नाही. तिथे निदान एक वाचनालय चालावे, परीक्षेच्या दिवसांत मुलांना रात्री उशिरापर्यंत बसता यावे. मात्र आधी भिंती जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्याव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले. त्या भागातल्या आईबापांना जुन्या भिंतीखाली लेकरू बसवताना धास्ती वाटली, तर त्यांना नावे ठेवू नयेत. मजबुतीला पैसा लागतो, तो पुतळ्याच्या चौथऱ्याआधी इथे लागावा.

परतीच्या वाटेवर नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या आजोबांची वेस कुठंय?"

आमच्या गावची वेस केव्हाच पडली. तिचे दगड कोणाकोणाच्या पायात गेले, हे सांगणारे म्हातारेही आता उरले नाहीत.