वाढत्या अंगाचे कपडे

आमच्या लहानपणी मुलींचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले जायचे. शिंपी माप घ्यायचा आणि शेजारी उभी असलेली आई सांगायची, "दोन बोटं सैल ठेवा आणि आत माया भरपूर सोडा." एका जूनमध्ये गुडघ्याखाली लोंबणारा गणवेशाचा स्कर्ट पुढच्या जूनला गुडघ्याच्या वर यायचा. मग एखाद्या रविवारी दुपारी खालची दुमड उसवली जायची आणि न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा वर्षभर दिसत राहायचा. वर्गातल्या बहुतेक जणींच्या स्कर्टवर तो पट्टा असायचा, त्यामुळे त्याची कुणाला लाज वाटत नसे. मुलगी वाढणार हे घराने धरूनच ठेवलेलं असायचं. ती वाढली की बदलायचं ते कापडाने.

आता कपडे तयार मिळतात आणि बदलायचं असतं ते अंगाने. दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत, पांढऱ्या उजेडात, पंधरा वर्षांची मुलगी एकटी उभी असते. गेल्या वर्षीच्या मापाची जीन्स मांडीवर अडते. या वयात कंबर रुंदावते, मांड्या भरतात, अंगावर थोडी चरबी येते. पाळी नीट चालावी, हाडं भक्कम व्हावीत, म्हणून शरीर करत असलेली ती तयारी असते. पण हे सांगायला त्या खोलीत कुणी नसतं. ती जीन्सला दोष देत नाही, मांड्यांना देते. आणि रात्री जेवायला हाक मारली की म्हणते, "मला भूक नाही."

तरीही त्या सैल कपड्यांचं फार कौतुक करायला मन धजत नाही. दरवर्षी नवा गणवेश परवडत नव्हता, म्हणून ते सैल होते. आणि मुलीचं अंग कुणाच्या नजरेत भरू नये, म्हणूनही ते सैल होते. छाती दिसू नये म्हणून पोक काढून चालणाऱ्या मुलींची आमची पिढी आहे आणि आमच्यातल्या कित्येकींची पाठ अजून सरळ झालेली नाही. वाढीला कापडात जागा होती, बोलण्यात नव्हती. 'जाडी', 'काडी', 'काळी' अशी नावं वर्गात सर्रास चालायची आणि ती ऐकून शिक्षकही हसायचे. बघायला आलेली माणसं मुलीला चालून दाखवायला सांगायची. फेअर अँड लव्हली हे क्रीम १९७५ साली बाजारात आलं. पण गोरेपणाचा हव्यास त्याने आणला नव्हता, तो आमच्या स्वयंपाकघरातल्या हळद-सायीच्या लेपात आधीपासून होता. २०२० साली त्या नावातला 'फेअर' गेला. लग्नाच्या जाहिरातींतली 'गोरी, सडपातळ' मुलगी इतक्या लवकर गेली नाही.

वजन करणं हा तेव्हा प्रवासातला विरंगुळा होता. रेल्वे स्टेशनवर लाल-पिवळ्या दिव्यांचं उंच यंत्र असायचं. त्यावर उभं राहायचं, आतली चक्री फिरून थांबायची, नाणं टाकलं की खट् आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. त्यावर वजन असायचं आणि भविष्याची एक ओळ. भावंडं भविष्य आधी वाचायची, मोठ्याने वाचायची, आणि गाडी आली की तिकीट कंपासपेटीत पडून राहायचं. पुढचं वजन पुढच्या सुट्टीत, मामाच्या गावाला जाताना.

आता वजनाचा काटा न्हाणीघरात आहे आणि तो रोज बोलतो. काही मुली सकाळी त्यावर उभ्या राहतात, जेवणानंतर उभ्या राहतात, झोपण्याआधी पुन्हा उभ्या राहतात. पाणी प्यायल्यानेही वजन हलतं, पाळीच्या आधीही हलतं. पण अशा मुलीच्या लेखी आकडा खाली गेला तर दिवस चांगला आणि वर गेला तर ती स्वतःच वाईट. आम्हाला त्या तिकिटावर भविष्य वेगळं छापून मिळायचं. हिला ते आकड्यातच दिसतं.

फोटोंचंही तसंच. छत्तीस फोटोंचा रोल आम्ही पुरवून पुरवून वापरायचो, आणि फोटो धुऊन येईपर्यंत सहल, लग्न, मुंज सगळं मागे पडलेलं असायचं. त्यात डोळे मिटलेले निघाले तरी फोटो अल्बममध्येच लागायचा. आता फोटो त्याच क्षणी समोर येतो. फोन हनुवटी निमुळती करून देतो, त्वचा गुळगुळीत करून देतो, आणि मग आरशातला खरा चेहरा चुकल्यासारखा वाटू लागतो. इन्स्टाग्रामच्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ साली बाहेर आली. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढतं, असं त्यांच्याच पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलेलं होतं.

पण सगळा दोष फोनवर टाकला की आमची पिढी फार सहज सुटते. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ साली टेलिव्हिजन आलं, आणि हार्वर्डच्या संशोधक ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. अंगाने भरलेली मुलगी म्हणजे जिची घराने नीट काळजी घेतली ती, असं मानणारा तो समाज. तिथे कुणी वाळलं तर माणसं चिंतेत पडत. खाण्याशी बिघडलेल्या नात्याची लक्षणं १९९५ साली १२.७ टक्के मुलींमध्ये होती, १९९८ साली ती २९.२ टक्क्यांवर गेली. वजनासाठी उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा ११.३ टक्के मुली होत्या. तेव्हा तिथे कुणाच्या हातात फोन नव्हता.

आमच्याकडेही तो पडदा आमच्याच डोळ्यांदेखत बदलला. कृषीविषयक कार्यक्रम आणि छायागीत दाखवणाऱ्या दूरदर्शनच्या शेजारी केबल आली. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या डोक्यावर मुकुट चढले आणि घराघरांत अभिमानाने टाळ्या वाजल्या. २००८ साली 'टशन' या चित्रपटामुळे 'साइज झीरो' हा शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर आला. भात सोडायला, रात्रीचं जेवण टाळायला, आरशासमोर पोट आत ओढायला आमच्या मुली फोनकडून शिकण्याआधी आमच्याकडे बघून शिकल्या.

भोंडल्याची खिरापत मात्र आठवली की जीव हळहळतो. नवरात्रात पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, आणि गाणी संपली की झाकलेला डबा मध्ये यायचा. डबा कानाशी धरून हलवायचा आणि विचारायचं, गोड की तिखट? वड्या की लाडू? वाटली डाळ, भेळ, साटोऱ्या, अशी नावांची सरबत्ती व्हायची. "हरलो" म्हटल्याशिवाय झाकण निघत नसे, आणि कुणालाच न ओळखता आलेली खिरापत करणारी आई दुसऱ्या दिवशी शाळेपर्यंत गाजायची. तेरा-चौदा वर्षांच्या आम्ही मुली खाण्याभोवती खेळायचो, आणि तळहातावर पडलेला घास कुणी मोजत नव्हतं.

आजच्या मुलीही खाण्याबद्दल पुष्कळ बोलतात, पण ते काय काय सोडलं याबद्दल. एकीने साखर सोडलेली असते, दुसरीने पोळी, तिसरी पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय बिस्किटाला हात लावत नाही. वाढदिवसाला केक कापला जातो, त्याचा फोटो निघतो, आणि एकीच्या वाट्याचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळला जातो. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ते दिसतं. पण तिलाही तसंच करावंसं वाटत असतं.

सगळ्यात जास्त रुखरुख लागते ती रात्रीच्या पंगतीची. आठच्या सुमाराला ताटं मांडली जायची, श्लोक म्हटला जायचा आणि घरातली सगळी मुलं ओळीने बसायची. कुणाच्या ताटात काय उरलं, कुणी भाजी चिवडली, कुणी आमटी नुसती ढवळली, हे वाढणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नसे. दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही तर कपाळाला हात लागायचा, जीभ बघितली जायची, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूही विचारून जायच्या. तो जाच वाटायचा, आणि तो जाच होताच. पण त्या घरात मुलीला गुपचूप उपाशी राहणं अवघड होतं.

आता घरात चौघांच्या चार वेळा असतात. ताट खोलीत जातं आणि रिकामं होऊन परत येतं. आतलं कुठे गेलं ते माहीत नसतं. "बाहेर खाऊन आले" एवढं पुरतं. मुलगी बारीक होते तेव्हा आधी कौतुक होतं: "छान दिसायला लागलीस, काय केलंस?" त्या कौतुकावर ती आणखी कित्येक जेवणं टाळते. मग मे महिन्यातही ती जाड हुडी घालते, कारण तिला थंडी वाजते. कंगव्यात केस येतात, पाळी चुकते, जेवण झालं की न्हाणीघराचा नळ बराच वेळ वाहतो. ती घरच्यांसाठी हौसेने केक करते, सगळ्यांना आग्रहाने वाढते आणि स्वतः चाखत नाही. एवढं सगळं दिसतं. पण प्रत्येकाला त्यातलं एकेकच दिसतं.

तरी ती पंगत जशी होती तशी परत यावी, असं म्हणवत नाही. त्या पंगतीत दुधाची वाटी आधी मुलाकडे जायची. आई शेवटी बसायची आणि उरलेलं खायची; १९७२च्या दुष्काळात कित्येक घरांत तिच्यापर्यंत काही उरतच नव्हतं. ती चाल संपलेलीही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अन्न मिळत नाही म्हणून आणि अन्नाची भीती वाटते म्हणून, अशा दोन्ही तऱ्हांनी अशक्त झालेल्या मुली आज एकाच शहरात राहतात.

शिवाय तेव्हाही काही मुली खात नव्हत्या. चतुर्थी, सोमवार, हरतालिका असे उपास एकामागून एक धरणाऱ्या मुलीचं कौतुक व्हायचं. त्या उपासांच्या आड काय चाललंय हे कुणी विचारलं नाही. एखादी फारच वाळली तर देवऋषी, उतारा, टॉनिकची बाटली. आणि शेवटी, लग्न झालं की सुधारेल. लंडनच्या विल्यम गल यांनी अशा आजाराला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव १८७३ सालीच दिलं होतं आणि जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया नर्व्होसा'चं वर्णन १९७९ साली केलं. आमच्या घरांपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. आमच्याकडे मुली नुसत्या 'खंगत गेल्या'.

आज आजाराला नाव आहे आणि ते नाव घेऊन जायला जागा आहे. मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा आहे. ही मुलीची थेरं नाहीत, हेही आता कळलेलं आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, थंडीने कुडकुडू लागले, घास चिवडत बसू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. धडधाकट पुरुषांची मनं उपासमारीने अशी वाकली. मग पंधरा वर्षांच्या मुलीला "हट्ट सोड" म्हणण्याला काय अर्थ आहे? हा आजार जीवही घेतो. म्हणून चक्कर, मंदावलेली नाडी, थांबलेली पाळी यांपैकी काहीही दिसलं तर आधी डॉक्टर, मग बाकीचं बोलणं.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली एक उपचारपद्धती किशोरवयीन मुलींसाठी आज सर्वात भरवशाची मानली जाते. तिच्यात आईवडिलांना दोष देत नाहीत, मुलीलाही देत नाहीत. सुरुवातीला जेवणाची जबाबदारी मुलीवरून काढून घरच्यांवर सोपवतात. प्रत्येक जेवणाला घरचं माणूस तिच्याजवळ बसतं. ती रडली, चिडली, ताट ढकललं तरी शांतपणे बसून राहतं, तिचं जेवण होईपर्यंत. पुढे ती सावरत गेली की जबाबदारी हळूहळू तिच्याकडे परत येते. हे कळलं तेव्हा आमच्यातल्या अनेकींना आपल्या आज्या आठवल्या.

पण आजीला जे ठाऊक नव्हतं ते आता ठाऊक असायला हवं. आग्रह हवा, टोमणा नको. कुणाच्याही अंगाबद्दल शेरा नको, "बारीक झालीस" असं कौतुकही नको. आणि आईने शेवटी उभ्या उभ्या, उरलेलं खायचं नाही. मुलीशेजारी बसून तेच अन्न, तेवढ्याच मनमोकळेपणाने खायचं. आमच्या आयांना तसं बसायला मिळालं नाही. आम्हाला मिळालं, तर आम्ही ते डाएटच्या नावाखाली सोडून दिलं. आमच्या मुलींना ते मिळायला हवं. मुलीला काय झालंय ते डॉक्टर सांगेल. ती आज जेवली का, हे कळण्यासाठी तिच्याबरोबर जेवावं लागतं.