निवळी

पाडव्याच्या आदल्या रात्री दही पंच्यात बांधून खुंटीला टांगायचं आणि खाली काचेचं भांडं ठेवायचं. घर निजलं की तो आवाज ऐकू येतो. टप्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टप्. सकाळी सगळ्यांचे डोळे चक्क्यावर असतात. मी आधी भांडं उचलून खिडकीशी नेते. आतल्या निवळीला फिकट पिवळी-हिरवी झाक असते, उन्हात धरली तर अधिकच उजळणारी. हा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. गाईच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव ते घडवतात. गवत, गाय आणि डोळ्यांना न दिसणारी ती वस्ती, सगळ्यांचं देणं या भांड्यात उतरलेलं असतं.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन. विरजणाचा आंबटपणा चढला की ते एकमेकांना धरून बसतं आणि दही लागतं. उरलेली २० टक्के प्रथिनं आंबटाला बधत नाहीत, विरघळलेलीच राहतात. हीच निवळीतली प्रथिनं, बाजारातली व्हे प्रोटीन. आपण दूध उकळूनच विरजतो, त्यामुळे त्यांतली बरीचशी उष्णतेने उलगडून केसीनला बिलगतात आणि चक्क्यातच राहून जातात. चीजच्या कारखान्यातून वाहणारी निवळी त्यांनी अधिक संपन्न असते. एक किलो चीजमागे साधारण नऊ लिटर निवळी निघते, आणि कित्येक वर्षं ती डुकरांना घातली गेली, नदीनाल्यांत सोडली गेली. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

कारण माणसाच्या शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं या प्रथिनांत आहेत, आणि भरपूर आहेत. स्नायूंच्या घडणीला चालना देणारं ल्युसीन तर यांच्याइतकं फार थोड्या अन्नांत सापडतं. केसीन जठरात गोठून बसतं, हळूहळू पचतं. निवळीतली प्रथिनं मात्र पातळच राहून झटकन पुढे जातात. पण त्यांची थोरवी केवळ पचण्यात नाही. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन दुग्धग्रंथीत एका विकराच्या जोडीने दुधातली साखर घडवतं. दुधाची गोडीच त्याच्यामुळे. आईच्या दुधातलं हे एक मुख्य प्रथिन. लॅक्टोफेरिन लोह घट्ट धरून ठेवतं, म्हणजे जंतूंना ते मिळू नये.

आणि मग प्रतिपिंडं. गाईच्या वारेतून ती वासरापर्यंत पोचतच नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ उघडं, रोगाशी लढायला काहीही हाताशी नसलेलं. त्याचं कवच आईच्या पहिल्या चिकात असतं. पहिला साधारण एक दिवस वासराचं आतडं ही प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं, मग ते दार मिटतं. चीक जाड आणि पिवळसर असतो, निवळीतल्या प्रथिनांनी ओतप्रोत. म्हणून खरवसाला विरजण लागत नाही की आंबट लागत नाही. गूळ-वेलची घालून वाफेवर ठेवला की नुसत्या उष्णतेने ती प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि डबाभर थरथरता खरवस उभा राहतो. इतकी वर्षं खाऊनही झाकण काढताना मला जरा थांबावंसं वाटतं.

लहानपणी आमच्याकडे शेजारच्या गोठ्यातून चीक यायचा. आजी दारातच उभी राहायची, किटलीला हात लावायची नाही.

"वासरू प्यालं का पोटभर?"

"प्यालं, आजी. झोपलंय आता."

मग ती किटली आत घ्यायची.